सहा आठवड्यांचं इंजिन

"आर्लो, खाली उतर. आधी जेवून घे, मग पड."

माझ्या आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर उभा होतो आणि पाठीला जेवणाच्या टेबलावरचं चौकड्यांचं कापड बांधलं होतं. आईने वर पाहिलंसुद्धा नाही. वाळलेले कपडे दोरीवरून काढता काढता बोलली. मी पडणार हे तिने गृहीतच धरलं होतं, फक्त वेळ ठरवून दिली. मी उतरलो, मुकाट्याने फरसबी खाल्ली, आणि पोट भरलं की उडायची इच्छा अर्धी होते हा मोठा शोध मला सातव्या वर्षीच लागला. उरलेली अर्धी मात्र पुढे साठ वर्षं शिल्लक राहिली.

आमच्या विस्कॉन्सिनात हिवाळा पाच महिने मुक्कामाला असतो. त्या काळात माणसं तीनच उद्योग करतात. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात, भावाशी भांडतात, नाहीतर गॅरेजमध्ये विमान बांधतात. मला भाऊ नाही, आणि माशांना मी आवडत नाही. शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालो त्याच वर्षी मी विमानाच्या बांधणीच्या नकाशांचा एक गठ्ठा मागवला आणि कामाला लागलो. लाकडाच्या फासळ्या, त्यावर ताणलेलं कापड, आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या.

अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत माझ्या बायकोची, लोरीनची, गाडी अकरा हिवाळे बाहेर बर्फात उभी राहिली. रोज सकाळी ती फावड्याने गाडी उकरून काढायची आणि गॅरेजच्या खिडकीतून आत एक नजर टाकायची. तिने तक्रार कधी केली नाही. तक्रार केली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसरी खुर्ची लोरीनसाठी होती. गादीचं निळं कापड तिच्याच शिलाईच्या टोपलीतलं. पण "तू बसशील ना?" असं विचारलं की ती उलथणं हलवत म्हणायची, "आधी इंजिन तर येऊ दे." नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. विमान उडेल की नाही ही काळजी मी नकाशांवर सोपवली होती. लोरीन बसेल की नाही हे कुठल्याच नकाशात नव्हतं. एकट्याने उडून मी काय करणार होतो? वरून आमचं तळं दिसणार, आणि "ते बघ" म्हणायला शेजारी कोणी नाही. त्यापेक्षा खुराडं बरं. म्हणून सगळं त्या इंजिनावर येऊन थांबलं होतं.

आता इंजिन निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं. घरच्यांना कमी कळतं आणि गावाला सगळं कळतं. आमच्या विमानवेड्यांच्या मंडळाची दर शनिवारी धावपट्टीच्या शेडमध्ये न्याहारी असते. तव्यावरचे गोड घावन, त्यावर मेपलचा पाक, आणि त्या पाकापेक्षा चिकट सल्ले. एक म्हणाला जुन्या मोटारीचं इंजिन लाव, माझं बारा वर्षं चाललंय. त्याच्या शेजारचा म्हणाला, चाललंय खरं, पण दोनदा गव्हाच्या शेतात उतरून चाललंय. तिसऱ्याचं मत असं की कारखान्यातलं पक्क्या परवान्याचं नवं कोरं इंजिनच घ्यावं. त्यासाठी घर विकावं लागेल असं मी म्हटलं, तर तो शांतपणे म्हणाला की घर उडत नाही.

आणि माझा शेजारी गॉर्डी ब्रंक. गॉर्डीचं गवत कापायच्या यंत्रांचं दुकान होतं आणि जगात ज्याला ज्याला इंजिन आहे ते मुळात गवत कापायचं यंत्रच आहे अशी त्याची श्रद्धा आहे. तो कुंपणावर कोपर टेकवून म्हणायचा, "मास्तर, उगाच मोठं करून ठेवलंयस. पेट्रोल, ठिणगी, हवा. झालं." मी म्हणायचो, गवत कापताना बंद पडलं तर माणूस घरी चालत येतो. त्यावर गॉर्डी म्हणायचा की तूही चालतच येशील, जरा लांबून.

मर्ल मला उन्हाळ्यातल्या मोठ्या विमान-जत्रेत भेटला. मोठ्या कंपन्यांचे तंबू, झेंडे, गणवेशातल्या मुली हे सगळं ओलांडून, पार शेवटी, फिरत्या शौचालयांच्या अलीकडे पत्ते खेळायचं एक घडीचं टेबल होतं. टेबलावर एक इंजिन, एक थर्मास, आणि मागे घडीच्या खुर्चीत झोपलेला एक माणूस. तोच मालक, तोच कारागीर, तोच विक्रेता. कॅन्ससमधल्या कुठल्याशा गावी धान्याच्या जुन्या कोठारात तो वर्षाला दोन-तीन इंजिनं हाताने बनवायचा. ते इंजिन मी पाहिलं आणि माझं काही खरं राहिलं नाही. ते थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या अशा बारीक आणि सारख्या होत्या की वाटावं, कोणीतरी मक्याचं कणीस एकेक दाणा मोजून घडवलंय.

मर्ल जागा झाला आणि म्हणाला की घाई असेल तर घेऊ नका. खोटं बोलणारा माणूस असं म्हणत नाही. किती दिवस लागतील, मी विचारलं. त्याने थर्मासमध्ये पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, सहा आठवडे.

त्याच जत्रेत मी एक लाकडी पंखाही घेतला, विमानाच्या नाकावर फिरतो तो. म्हातारा सुतार विकत होता, अक्रोडाचं लाकूड, मधासारखा रंग. इंजिनाआधी पंखा घेणं म्हणजे नवरी ठरायच्या आधी पाळणा घेणं, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे गॉर्डीने सांगितलं, पण त्याचं ऐकायचं नाही ही मी स्वतःला शिस्त लावून घेतली आहे. पंखा बैठकीत सोफ्याच्या वर टांगला. लोरीन दर आठवड्याला त्यावरची धूळ पुसायची.

सहा आठवडे झाले. मग आणखी सहा. मर्ल फोन घ्यायचा, हे त्याचं वैशिष्ट्य. छोटे कारागीर सहसा फोन घेत नाहीत. आणि त्याची कारणंही अगदी घरगुती असायची. इंजिनाचा दांडा ओतून देणाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. मग वावटळीने कोठाराचं छप्पर नेलं, ते तीन मैलांवर सापडलं, पण उलटं. मग त्याच्या बकरीने वायर खाल्ली. बकरी बरी आहे ना, असं मी विचारल्याचं मला आठवतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की इंजिनाचं विचारायचं राहिलं.

वर्ष उलटलं तेव्हा शनिवारच्या न्याहारीला कोणीतरी गाणं रचलं. कवीचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. घावन उलटताना सगळे सुरात म्हणायचे:

मर्लचं इंजिन सहा आठवड्यांवर,
मास्तरांचं विमान गॅरेजच्या दारावर.
बर्फ आला, बर्फ गेला, तळं गोठून विरलं,
मर्ल म्हणतो मास्तरांना, आता थोडकंच उरलं.

वाईट वाटलं ते गाण्याचं नव्हे. चाल चांगली होती. एका दुपारी स्वयंपाकघरात लोरीन तीच चाल गुणगुणत होती, त्याचं वाईट वाटलं.

दरम्यान सरकारला पत्र लिहिणं आलं. घरी बांधलेलं विमान नोंदवायचं तर इंजिन कोणी बनवलं, त्याचा क्रमांक काय, आणि त्याचं नाव काय हे कळवावं लागतं. मर्ल म्हणाला क्रमांक चार, आणि नाव ठेवलेलं नाही. मी प्रामाणिकपणे लिहिलं: 'अद्याप नाव ठेवलेलं नाही.' अर्ज परत आला. मी रकाना कोरा ठेवला, परत आला. मी 'मर्लचं' असं लिहिलं, तेव्हा सोबत एक चिठ्ठी आली की हा मालकाचा रकाना नव्हे. शेवटी जेवणाच्या टेबलावर इंजिनाचं बारसं करायचं ठरलं. मी काही भारदस्त नावं सुचवली, गरुड वगैरे. लोरीन बटाटे सोलत होती. म्हणाली, "'सहा आठवडे' लिही." मी रागाने तेच लिहिलं, आणि अर्ज मंजूर झाला. मर्लला इतकं आवडलं की त्याने पितळी पट्टीवर ते नाव ठोकून घेतलं.

मग तपासणी अधिकारी आल्या. एड्विना प्रुइट, सडसडीत बाई, पेन्सिल कानामागे. दोन तास फासळ्यांवर टिचक्या मारत फिरल्या. आत शिरताना दिसेल अशा जागी 'प्रायोगिक' हा शब्द दोन इंची अक्षरांत रंगवा, असं त्यांनी सांगितलं. गॉर्डी कुंपणावरून म्हणाला की आधी मास्तरांच्या कपाळावर रंगवा. बाईंनी तेही लिहून घेतलं की काय, मला शंका आहे.

आणि जाता जाता त्या म्हणाल्या की असल्या बिनपरवान्याच्या इंजिनावर पहिले चाळीस तास एकट्यानेच उडायचं, दुसऱ्या खुर्चीत कोणी नको. माझा चेहरा पडला. लोरीन मागे कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने विचारलं, "चाळीसच? जास्त नाही का करता येणार?"

प्रुइटबाई म्हणाल्या की करायला हरकत नाही, पन्नास करा. मी कॉफी न घेता गॅरेजमध्ये गेलो. माणसाने अकरा वर्षं एक खुर्ची शिवावी आणि ती ज्याच्यासाठी शिवली त्याने दहा तास वाढवून मागावेत, हे भूगोलात कुठे बसत नाही.

तिसऱ्या वर्षी मेमध्ये इंजिन आलं. ट्रकवाल्याने पेटी रस्त्याच्या कडेला उतरवली, कागद पुढे केला आणि म्हणाला की त्याच्या नियमात रस्ता संपतो तिथे त्याचं काम संपतं. पेटीपासून गॅरेजपर्यंत चढ होता. गॉर्डीने मुलांची बर्फावरची घसरगाडी काढली, पेटी तिच्यावर चढवली आणि गवत कापायच्या यंत्राला जुंपली. भर उन्हात, गवतावरून, घसरगाडीवर बसून माझं इंजिन वाजतगाजत घरी आलं. अख्खा मोहल्ला अंगणात उभा होता. गॉर्डी राजासारखा बसला होता आणि मी मागून पेटीला हात लावून चाललो होतो, लग्नात मुलीचा बाप चालतो तसा.

पेटीत एकशे बारा पानांचं पुस्तक होतं. मर्लने ते स्वतः टाइप केलेलं. मी पहिली वीस पानं वाचली, ती अप्रतिम होती. पुढची मी बसवता बसवता वाचणार होतो. बसवताना मंडळाचे सहा जण मदतीला आले आणि सहा जणांच्या सल्ल्यात वाचायला फुरसत कोणाला? तेल कुठलं यावर एक दुपार गेली. नळी रबरी की धातूची यावर दोन मित्र चार दिवस बोलत नव्हते. इंजिनाला रंग द्यावा का, यावर मतदान झालं. सोफ्यावरचा पंखा उतरवला, नाकावर बसवला, सहाही बोल्ट मोजून आवळले. तो असा शोभला की सगळे दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. जगातला प्रत्येक प्रश्न आम्ही चर्चेला घेतला. इंजिन कुठल्या दिशेने फिरतं, हा एकच प्रश्न राहिला.

जूनमधल्या एका शनिवारी मंडळाने न्याहारी आमच्या अंगणात आणली. कुंपणाजवळ गॉर्डीच्या लांब टेबलावर बटाट्याचं सॅलड, भाजलेले सॉसेज, चीज. विमान मधोमध. पुढे पळू नये म्हणून सगळी काळजी घेतली होती. दोन्ही चाकांपुढे ठोकळे, आणि शेपटीला जाड दोर बांधून तो मागच्या मेपलच्या झाडाला. गॉर्डी दोर ओढून पाहून म्हणाला, "मास्तर, हा आता हत्तीच्या बापाला पुढे जाऊ देणार नाही." त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. असा गोड आवाज, पुरणयंत्रातून मऊ डाळ उतरावी तसा. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मला जाणवलं की लोक लहान होत चाललेत.

विमान मागे जात होतं.

इथे मी एक गोष्ट मान्य करतो, कारण नाहीतर गॉर्डी ती सांगतोच. त्या क्षणी मी इंजिन बंद करायला हवं होतं. पण माझ्या बत्तीस वर्षांच्या शिकवणीने वेगळा विचार केला: विमान मागे सरकतंय, म्हणजे पुढे जायला जोर कमी पडतोय. मी जोर वाढवला. विमान दुप्पट वेगाने मागे गेलं. मी आणखी वाढवला. चाकांपुढचे ठोकळे जागच्या जागी इमानाने उभे होते. शेपूट मेपलच्या बाजूने निघून गेली, दोर ताणला, आणि विमान झाडाभोवती उलटं फिरू लागलं, दाव्याला बांधलेल्या बैलासारखं. दर फेरीला दोर गुंडाळून आखूड होत होता. पहिल्या फेरीत वाळत घातलेल्या चादरी पंखावर आल्या. दुसऱ्या फेरीत सॉसेज गेले. तिसऱ्या फेरीत शेपूट बटाट्याच्या सॅलडमध्ये रुतली आणि विमान थांबलं. मी बंद केलं तेव्हा एवढी शांतता झाली की मेपलवरची खार ऐकू येत होती.

कोणाला काही लागलं नाही. सुकाणूची एक फासळी मोडली. गॉर्डी जवळ आला, चष्म्यावरचं सॅलड पुसलं आणि म्हणाला, "सुरुवात तर झाली."

मी मर्लला फोन केला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग अतिशय हळुवारपणे विचारलं की मी एकेचाळीसावं पान वाचलंय का. एकेचाळीसाव्या पानावर, चौकटीत, तांबड्या शाईने लिहिलं होतं की या इंजिनातली दातेरी चाकं अशा रचनेची आहेत की पंखा सगळ्या जगाच्या उलट दिशेने फिरतो. त्यासाठी उलट्या घडणीचा पंखा घ्यावा. मर्ल म्हणाला की तसे पंखे कोरणारा एक माणूस ओरेगॉनमध्ये आहे, चांगला आहे, एकटाच आहे. त्याला फोन लावला. मागे रंधा चालल्याचा आवाज येत होता. किती दिवस, मी विचारलं. तो म्हणाला, सहा आठवडे.

मंडळी पांगली. संध्याकाळचं ऊन गवतावर तिरपं पडलं होतं. मी मागच्या पायरीवर बसलो होतो, लोरीन शेजारी येऊन चादरींतून मेपलची पानं वेचायला लागली. मला तिच्याकडे बघवेना. सगळ्या गावासमोर मागे गेलेल्या माणसाच्या शेजारी कोण बसणार? मी म्हटलं, विकून टाकतो. पंख सोडवतो, सुटं सुटं कोणी नेईल. तुझी गाडी या हिवाळ्यात आत येईल.

तिने चादर मांडीवर ओढली. पानं एकावर एक रचत राहिली.

"मर्लला मी फोन केला होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. इंजिन जरा उशिरा पाठवा म्हणून."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मी म्हटलं दोन महिने तरी थांबवा. तो म्हणाला, बाई, त्यासाठी मला सांगावं लागत नाही."

"का, लोरीन?"

"मला उंचीची भीती वाटते रे. लग्नाच्या आधीपासून. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय लटपटतात. पडदे मी शेजाऱ्यांकडून लावून घेते, तुला कधी कळलं नाही." तिने चादरीची घडी मांडीवर घट्ट धरली होती. "तू दोन खुर्च्या केल्यास. एक केली असतीस तर मी मजेत हात हलवला असता. दोन केल्यास, मग मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

त्रेचाळीस वर्षांचा संसार. मी मुलांकडून जगातले सगळे डोंगर उंचीसकट पाठ करून घेतले होते.

मी म्हटलं, मग नकोच. खरंच नको. तुला त्रास होईल असं काही मला नकोय.

"पूर्ण ऐक. जंगलात तो वणव्यावर नजर ठेवायचा जुना मनोरा आहे ना, लोखंडी जिन्याचा. दर गुरुवारी मी तिथे जाते. पहिला महिना नुसती खाली उभी राहून सँडविच खाऊन परत आले. मग एक टप्पा. त्यावर रडले, उतरले. पुढच्या गुरुवारी परत." आता ती माझ्याकडे बघत होती. "परवा सहाव्या टप्प्यापर्यंत गेले. कठडा धरून. डोळे उघडे ठेवून. तिथून आपलं तळं दिसतं, आर्लो."

 मी विचारलं, "एकूण किती टप्पे आहेत?"

"नऊ." ती उठली, चादर झटकली आणि खांद्यावर टाकली. "त्या ओरेगॉनवाल्याला परत फोन लाव. म्हणावं, घाई करू नकोस. माझे अजून तीन राहिलेत."